काटवलाला चांदीचं पाणी

आधीच सांगून ठेवतो, हा किस्सा मी जसा सांगतोय तसाच्या तसा घडला होता का, याची मला स्वतःलाच खात्री नाही. आमच्या घरात याच्या दोन आवृत्त्या आहेत. एक माझी, एक बायकोची. बायकोच्या आवृत्तीत मी ठार मूर्ख दिसतो. माझ्या आवृत्तीतही मूर्खच दिसतो, पण जरा कारणांसकट. तेव्हा माझीच ऐका. आणि तो चहा घ्या, थंड होतोय.

मी वनस्पतिशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक. राहायला वर्ध्याजवळ पिपरी मेघेत. डॉक्टरेट कशात, असं कोणी विचारलं की मी अजून विषय बदलतो. कारण ती भांगेच्या झाडात आहे. हसा, हसून घ्या! भांगेत नराचं झाड वेगळं आणि मादीचं वेगळं. कुठलं झाड नर होणार आणि कुठलं मादी, हे आतून ठरवतं कोण, यावर मी उमेदीची वर्षं घातली. सरकारी परवान्यानं, कुलूपबंद कुंपणात. पण लोकांना परवाना कुठे दिसतो? आमच्या जिल्ह्यात दारूबंदी, आणि त्या जिल्ह्यात मी 'गांजाचा डॉक्टर'! मुलीच्या लग्नाच्या बैठकीत होणाऱ्या व्याह्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "सर, तुम्ही त्या झाडाचे फक्त फुलंच पाहात होते ना?"

"फक्त फुलं," मी म्हणालो. तेव्हा कुठे सुपारी फुटली.

थोडं शास्त्र सांगतो. कंटाळू नका, पुढे लागणार आहे. माणसात मुलगा की मुलगी हे जसं एक्स आणि वाय या गुणसूत्रांवर ठरतं, तसंच भांगेत. दोन एक्स आले की मादी, एक्सच्या जोडीला वाय आला की नर. पण झाड माणसापेक्षा लबाड. झाडाच्या अंगात इथिलीन नावाचा एक वायू असतो, तो 'मादी फुलं धर' असा निरोप देत फिरतो. मादी झाडावर चांदीचा क्षार फवारला की तो निरोप पोचतच नाही. मग ती मादी चक्क नराची फुलं काढते! आतली गुणसूत्रं मात्र मादीचीच. मग त्या फुलांच्या परागात वाय येणार कुठून? म्हणून त्या परागापासून धरलेल्या बियांतून सगळ्या मुलीच. एकही नर नाही.

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. माझा घात त्यानंच केला.

तर, त्या वर्षी आषाढात आम्ही दोघं वडनेरला गेलो, आमच्या एकुलत्या एक मुलीच्या, मीनाच्या सासरी. तिचे सासरे वामनराव. शेती करतात, शिवाय किराणा दुकान. आवाज असा की वडनेरात बोलले तर हिंगणघाटच्या स्टँडवर सुटलेली एस.टी. थांबावी. विहीणबाई वत्सलाबाई मात्र कमी बोलणाऱ्या. पण बोलल्या की पुढचा माणूस बराच वेळ विचार करत बसतो.

त्यांच्याकडे भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात. आपल्याकडे महालक्ष्म्यांच्या जेवणात सोळा भाज्या लागतात, हे तुम्हाला सांगायला नको. त्या घरचा नेम असा, की सोळांपैकी काटवल घरच्याच मांडवाचं हवं. पावसाळ्यात येतं ते हिरवं, काटेरी, छोटं काटवल, कुठे कुठे कर्टुलं म्हणतात ते. बाजारचं चालत नाही, शेजारचं चालत नाही. विहीणबाईंच्या सासूनं रानातून वेलीच्या मुळाचे गड्डे आणून घरामागच्या वाडीत लावले, ते दर पावसाळ्यात फुटतात आणि मांडव भरतो. आणि नेमकं त्याच वर्षी विहीणबाईंनी जाहीर केलं होतं, "माह्ये गुडघे आता ऐकत नाईत. यंदापासून महालक्ष्म्या मीनाच्या हाती."

म्हणजे माझ्या मुलीची परीक्षा! सगळी भावकी जेवायला येणार, आणि नवी मालकीण काय करते हे ताटाताटांतून बघणार. अशा वर्षी मुलीच्या बापानं काय करावं? गप्प बसून चिवडा खावा आणि संध्याकाळच्या गाडीनं परत यावं.

मी तसं केलं नाही.

वामनराव मला वाडीत घेऊन गेले. आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात. "इवाई, हे पाहा. मांडव कसा हिरवागार हाय. फुलं धरून राह्यलाच हाय. पन काटवलं म्हनावं तेवढे येतच नाईत. खत घालून घालून थकलो मी."

मी चष्मा पुसला, वाकून पाहिलं, आणि माझ्या अंगात एकदम पस्तीस वर्षांचा प्राध्यापक संचारला. निम्म्याहून जास्त वेली नर! काटवलातही भांगेसारखंच, नर वेल वेगळी, मादी वेल वेगळी.

"वामनराव, तुम्ही खत घालताय कोणाला? हे सगळे बापे आहेत! फळ धरते मादी. जिच्या फुलाखाली बारीक काटेरी गाठ दिसते ना, ती मादी. हे बाकीचे नुसते खाणार, पसरणार आणि फुलं दाखवणार."

"घरातबी तेच हाय," स्वयंपाकघराच्या खिडकीतून विहीणबाई म्हणाल्या.

झालं! श्रोता मिळाला की मास्तरला थांबता येतं का? मी भांगेवर घसरलो. भांगेच्या शेतात नर दिसला रे दिसला की उपटतात, एक शिल्लक ठेवत नाहीत, नर गेले की माद्यांना कसा जोर येतो, सगळं सांगितलं. वामनराव कीर्तन ऐकावं तसे मान डोलवत होते.

आणि मग मी म्हणालो, "पण काटवलात तसं चालत नाही बरं का. पराग मिळाला नाही तर फळ धरणार नाही. इथे एक तरी नर ठेवावा लागतो."

असं मी म्हणालो. म्हणालो असेन. म्हणालोच असणार! बायको म्हणते, त्या वेळी तुमच्या तोंडात चिवडा होता.

मग कुदळ घेतली. वामनराव 'तुम्ही कायले, मी करतो' म्हणत होते, पण मी ऐकतोय कुठला? ज्या नर वेली होत्या त्या गड्ड्यांसकट उपटल्या आणि एकेक गरगर फिरवून कोठ्याच्या भिंतीपलीकडे फेकल्या. कोठा म्हणजे त्यांचा गोठा. त्याच्यामागे उकिरडा आणि काटेरी तारेचं कुंपण. फेकताना मला फार बरं वाटत होतं, हे कबूल करतो. विहिरीच्या कोपऱ्यातला एक तगडा नर तेवढा मी राखला आणि समाधानानं घरी आलो.

श्रावण लागला आणि मीनाचा फोन आला.

"बाबा, फुलं येतात. खालची ती गाठ पण असते. पण पिवळी पडून गळते. एकसुद्धा काटवल धरत नाही."

"कोपऱ्यातला नर फुलतोय ना?"

"कुठला नर?"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं मी वडनेर गाठलं. वामनराव दारातच छाती काढून उभे.

"इवाई, तुम्ही म्हनलं तसं केलं. तुम्ही गेल्यावर पाह्यलं तं कोपऱ्यात एक राह्यलाच होता. तुमच्या नजरेतून सुटला असंल. उपटला आन चुलीत घातला. आपलं काम अर्धवट नसते!"

"अहो वामनराव, तो मी मुद्दाम ठेवला होता!"

"कायले?"

"बाप म्हणून!"

"तुम्हीच तं म्हनलं, एक शिल्लक ठेवत नाईत!"

"ते भांगेत!"

"मंग भांगेचं काऊन सांगतलं मले? माह्या मांडवात भांग हाय काय?"

मी विहिरीच्या काठावर बसलो आणि डोकं धरलं. मी 'एक ठेवा' म्हणालो होतो की नव्हतो? म्हणालो असलो तर मोठ्यानं म्हणालो होतो का? आणि मला भांगेशिवाय दुसरं काही बोलताच येत नाही का? म्हातारपणी हा मोठा ताप असतो. आपण चूक केली की नाही, हेसुद्धा धड आठवत नाही.

"दुसरीकडून नराची फुलं आणू," मी म्हणालो. मग वामनरावांच्या मोटरसायकलवर मागे बसून सगळी शिवारं पालथी घातली. कुठे काय सापडणार? पूर्वी धुऱ्याधुऱ्यांवर, म्हणजे बांधांवर, काटवल असायचं म्हणे. आता सगळे धुऱ्यांवर तणनाशक मारतात. नाल्याच्या काठाला एक वेल दिसली, तिच्यावर मी झडप घातली. ती कारल्याची निघाली.

परत आलो तर विहीणबाई देवघरासमोर बसून महालक्ष्म्यांची वस्त्रं काढत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "मीना, सोळाच्या पंधरा भाज्या झाल्या तरी देवी काई म्हनत नाई. बाया म्हनतात."

मीनानं माझ्याकडे पाहिलं. लहानपणी शाळेत तिचा डबा मी विसरून गेलो की पाहायची तसं.

तिथेच ठरवलं. काटवल धरल्याशिवाय हार मानायची नाही! नर नाही? हरकत नाही. मादीकडून नराची फुलं काढून घेऊ. आयुष्यभर भांगेच्या मागे लागलो, ते काय उगाच? भांगेत जे झालं ते काटवलात का होणार नाही?

वर्ध्यात माझा एक जुना विद्यार्थी रसायनशास्त्र शिकवतो. त्यानं सिल्व्हर नायट्रेटचं पाणी तपकिरी बाटलीत घालून दिलं आणि बजावलं, "सर, हातमोजे घाला. कातडीला लागलं आणि ऊन लागलं की काळं पडतं. कशानंही निघत नाही." मी म्हणालो, "मला शिकवतोस?"

वडनेरला येऊन बाटली ओट्यावर ठेवली. "हे चांदीचं पाणी. एका मादी वेलीच्या शेंड्यांवर फवारायचं. तिला नराची फुलं येतील. त्यांचा पराग बाकीच्या माद्यांना लावू. फवारलेल्या वेलीचं फळ मात्र कोणी खायचं नाही."

वामनराव बाटलीकडे बघत राहिले.

"चांदीनं बाईचा बाप्या होते?"

"फक्त फुलापुरता."

"मंग सोन्यानं काय होत असंल!"

विहीणबाई उठून आत गेल्या. आतून पेटी उघडल्याचा आवाज आला आणि त्या जुने, जड, चांदीचे तोडे घेऊन बाहेर आल्या. "घ्या इवाई. कमी नको पडायले. सासूबाईचे हायेत. वेलबी त्यायचीच हाय."

"अहो, बाटलीत आहे तेवढं पुरे," असं काहीतरी पुटपुटलो. पण आता हा माझा प्रयोग राहिला नव्हता. एवढ्या विश्वासानं तोडे काढून देणाऱ्या बाईला तोंड दाखवायचं होतं.

आणि तोंडाचंच काय झालं ते ऐका.

दुसऱ्या दिवशी सकाळी फवारणीला लागलो. हातमोजे पिशवीत होते. पिशवी वडनेरातच होती. मीही वडनेरातच होतो. तरी हातमोजे पिशवीतच राहिले. पंप हाताचा, गळका. बोटं ओली झाली. श्रावणातलं ऊन, घाम आला. घाम पुसला. नाकाला खाज आली, नाक खाजवलं. पाणी अगदी स्वच्छ, पाण्यासारखं. काही कळलंच नाही.

दुपारी जेवायला बसलो आणि मीना वाढता वाढता किंचाळली.

कपाळ, नाकाचा शेंडा, दोन्ही गाल, डावा कान. कोळशात बोटं बुडवून कोणी तरी माझ्या तोंडावर हात फिरवावा, तसं! मी साबण लावला. लिंबू घासलं. राख घासली. डाग जागचे हलले नाहीत, उलट आजूबाजूची कातडी लाल झाल्यानं उठून दिसायला लागले.

वामनराव हसून हसून ताटावरून उठले. "इवाई, नजर लागू नाई म्हून टिका लावला काय? अवो, तो वेलीले लावा लागते, तुम्ही सोताले लावून घेतला!"

बायकोला व्हिडिओवर दाखवलं. ती म्हणाली, "डोळे सोडून सगळीकडे काजळ घातलंय का? तसेच राहा तिकडे. पिपरीत येऊ नका."

येतोय कशाला? डाग जाईपर्यंत बसमध्ये तरी कोण बसू देणार होतं? पण मुलीच्या सासरी बापानं इतका मुक्काम टाकायचा म्हणजे मला रोज मेल्याहून मेल्यासारखं. त्यात गावात बातमी फिरली. पोळ्याच्या दिवशी बैल मिरवून झाले आणि लोक मला बघायला आले. कोणी म्हणालं, सरांच्या तोंडावर वीज चाटून गेली. कोणी म्हणालं, वामनरावांचे इवाई गांजाचे डॉक्टर हायेत, काईतरी जाळून पाह्यलं अन भडका उडाला. एका म्हाताऱ्यानं माझा हात हातात घेऊन फार मायेनं विचारलं, "सुटत नाई काय हो आता?"

मी रोज वेल बघत राहिलो.

एक गोष्ट मात्र सांगायची राहिली. माझा सदरा. टेरिकॉटचा, पांढरा, फवारणीला तोच घालायचो. काळ्या डागांनी पार चित्ता झाला होता. मी रोज सकाळी विहिरीवर धुवायचो आणि अंगणातल्या दोरीवर टाकायला जायचो. पहिल्याच दिवशी विहीणबाईंनी अडवलं.

"इवाई, थो काळा सदरा इथं नको. महालक्ष्म्यांचे वस्त्र वाळून राह्यले."

मग मीनानं जागा दाखवली, कोठ्यामागची. उकिरड्यापाशी काटेरी तारेचं कुंपण होतं, त्यावर कसलासा हिरवा वेल माजला होता. पावसाळ्यात काय, टेलिफोनच्या खांबावरही वेल चढतो. मी त्यावर सदरा पसरायचो आणि दिवेलागणीच्या आत उचलून आणायचो. एकदा ओढताना तारेत अडकून खिसा फाटून तिथेच राहिला. मी म्हटलं, राहू दे. डोकं दुसरीकडे होतं.

आणि मग एका संध्याकाळी चमत्कार झाला! काटवलाचं फूल दिवेलागणीला उमलतं. मी मांडवाखाली भिंग घेऊन उभा. फवारलेल्या वेलीवर एक कळी उघडली. तिच्याखाली गाठ नव्हती. आणि आत पुंकेसर! अहो, नराचं फूल! मादीच्या वेलीवर!

"वामनराव! विहीणबाई! मीना! आलं!"

सगळे धावत आले. वामनरावांनी भिंगातून पाहिलं, उलटं धरून. "मले तं फुलासारखंच दिसते."

मी ते फूल तोडलं आणि मीनाच्या रंगाच्या ब्रशनं हाताला लागतील त्या माद्यांना पराग लावला. नंतर आणखी काही फुलं आली, तीही वापरली. आणि काटवल धरलं! नुसतं धरलं नाही, मांडव लगडला. जिथे माझा हात पोचला नव्हता, त्या वरच्या टोकालासुद्धा. मला जरा आश्चर्य वाटलं. पण कौतुक होत असताना माणूस फार चौकशी करत नाही. वारा असेल, पाखरं असतील.

महालक्ष्म्यांच्या जेवणाला सोळाही भाज्या होत्या. मीना काठापदराची साडी नेसून वाढत होती, विहीणबाई पाटावर पाय पसरून बघत होत्या. भावकीतल्या एका काकूंनी मुद्दाम विचारलं, "काटवल घरचंच हाय ना?"

विहीणबाई म्हणाल्या, "घरचं म्हंजे? माह्या इवायानं तोंड काळं पडेस्तोवर राबून आनलं हाय."

सगळी पंगत हसली. मीही हसलो, कारण मीना हसली. खूप दिवसांनी.

इथेच थांबलो असतो तर? पण नाही. वामनरावांनी आग्रह केला, "सर, दोन शब्द सांगा." आणि मी उभा राहिलो. एक्स, वाय, इथिलीन, चांदी. पंगत जांभया द्यायला लागली तरी मी थांबलो नाही. शेवटी एक पिकलेलं काटवल हातात धरून म्हणालो, "यातल्या बियांना बाप नाही. आईच बाप झाली. या बियांतून सगळ्या मुलीच निघतील. एक जरी नर निघाला, तर मी माझी डॉक्टरेट परत करीन!"

टाळ्या पडल्या. काकू शेजारणीला म्हणाल्या, "सगळ्या पोरीच? मंग खत नाई वाया जात."

ते काटवल मी घरी आणलं. बिया पेरल्या. काटवलाचं बी मोठं हट्टी, कवच जाड. एक वर्ष काही रुजलंच नाही. पुढच्या पावसात थोडी रोपं आली, त्यातली काही गोगलगायींनी खाल्ली. उरलेल्यांनी नुसती पानं काढली. मी काही घाई केली नाही. वाट बघण्यात मजा होती! सकाळी फिरायला येणाऱ्या पिपरीतल्या सगळ्या निवृत्त मंडळींना त्या रोपांची ओळख करून दिली. "या माझ्या कन्या."

मग काही वर्षांनी एका पावसाळ्यात कन्या फुलल्या.

पहिलीचं फूल उमललं. मी भिंग लावलं. खाली गाठ नाही. मी चष्मा बदलला. गाठ नाही. दुसरी वेल पाहिली, ती मादी. हुश्श! तिसरी, नर. चौथी, नर.

वाय आला कुठून? माझ्या चांदीच्या फुलांत वाय नव्हता, असूच शकत नव्हता. म्हणजे या पोरांचा बाप कोणी दुसराच! खराखुरा, जिवंत नर, त्या वर्षी वडनेरात, माझ्या मांडवाच्या आसपास! आधी वाटलं, काटवलाचं गणित भांगेपेक्षा वेगळं असेल. त्या रसायनवाल्या विद्यार्थ्याला कामाला लावलं, जीवशास्त्रवाल्यांना विचारायला लावलं. उत्तर आलं, सर, तुमचंच गणित बरोबर आहे.

गणित बरोबर असल्याचं इतकं दुःख मला कधी झालं नव्हतं.

बायको भिंतीवरच्या डॉक्टरेटकडे बघून म्हणाली, "ती फ्रेम काढून देऊ का? परत करायची आहे ना?"

मी त्याच आठवड्यात वडनेर गाठलं. बायको बरोबर आली. ती म्हणाली, मला हे चुकवायचं नाही. वाटेत मी एकेकाला आरोपी करून पाहत होतो. वामनरावांनी कुठून तरी फुलं आणून चोळली असतील. किंवा विहीणबाईंनी, मला वाईट वाटू नये म्हणून गुपचूप. पोचल्या पोचल्या, पाणीसुद्धा न पिता, मी विहीणबाईंना विचारलं.

"खरं सांगा. त्या वर्षी नराची फुलं तुम्ही कुठून आणली होती?"

"म्या?" त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "म्या कायले आनू? नर तं तुम्हीच लावला होता ना, कोठ्यामागं!"

"कोठ्यामागे? मी?"

"मंग कोनं? उकिरड्यावर गड्डे फेकले होते तुम्ही. त्याच्यातला एक जगला, तारेवर चढला. म्या पाह्यला. मले वाटलं, इवायानं मुद्दामच राखला. रोज सकाळी त्याच्यावर काळा सदरा टाकून झाकत होते, दिवा लागायच्या आंधी काढत होते. म्या मनात म्हनलं, एवढा शिकलेला मानूस, पन नजर लागू नाई म्हून काळं टाकाची रीत सोडली नाई."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"राखलेल्या वस्तूचं बोलत नसतात. नजर लागते."

वामनराव इतके हसले की रस्त्यावरचा माणूस दुकान उघडं आहे का बघायला आत आला. बायको हसत नव्हती. ती पदरानं डोळे पुसत होती, आणि ते दुःखानं नव्हतं.

माझी मात्र अजून एक आशा होती. विहीणबाईंचं वय झालंय. त्यांचीही स्मरणशक्ती माझ्यासारखीच असू शकते, नाही का? कोणता तरी दुसराच वेल असेल. मी भिंग घेतलं आणि एकटाच कोठ्यामागे गेलो. कुंपणावर वेल होता, चांगला माजलेला. मी उकिरड्याच्या वासात दिवेलागणीपर्यंत उभा राहिलो. फूल उमललं. भिंग लावलं. खाली गाठ नव्हती. नर होता. आणि त्याच्या शेजारी, गंजक्या तारेत, काळ्या डागांसकट माझ्या सदऱ्याचा खिसा अजून अडकलेला होता.